दारात रेंगाळू नकोस

इग्लूलिकहून निघाले तेव्हा छत्तिसावा आठवडा.
नियमच आहे तसा. आमच्या गावात नर्स आहे, तराजू आहे, खाट आहे,
पण बाळंत व्हायचं ते इकालुइतला,
दोन तास उडत जाऊन, परक्या गादीवर.
विमानातल्या मुलीने माझ्या पोटाकडे पाहिलं
आणि पट्ट्याला जोडायला पट्ट्याचा आणखी एक तुकडा आणून दिला.

जून महिना. इथे रात्र म्हणजे
कुणी वात जराशी खाली केली, एवढंच.
खिडकीला चंदेरी कागद चिकटवलाय, तरी फटीतून
उजेडाचं एक बोट भिंतीवर येतं,
मी त्याच्याकडे बघत पडते.
पोटुशीला म्हणतात, दिवस गेलेत हिला.
माझे कुठे गेलेत?
इथेच उभे आहेत, पायातले बूट न काढता.

खोलीत आम्ही तिघी.
अफायाची तिसरी खेप. ती शिवत बसते आणि बसल्याबसल्या घोरते.
मियाली सतरा वर्षांची. तिचं बाळ मावशी नेणार,
ठरलंय. आमच्यात असं ठरतं, कुणी तोंड वाकडं करत नाही.
तरी काल ती नळ सोडून न्हाणीघरात बसली होती किती वेळ.
बाहेर आली, म्हणाली,
"लाथ मारतंय गं. मला ओळखतं असं वाटतं."
अफायाची सुई थांबली.
मला काही सुचलं नाही. अर्धं सफरचंद होतं, ते दिलं.

डोहाळे म्हणाल तर सीलचं काळीज,
बर्फावर बसून, कच्चं, वाफ निघत असलेलं.
इथे मॅकरोनी. बुधवारी मासा, तोही चौकोनी.
पॉलूसी फोनवर सांगतो, "तुझा वाटा ठेवलाय."
मी रडले. सीलसाठी की त्याच्यासाठी, कुणास ठाऊक.
आई व्हायचंय का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

आई असती तर विचारलं नसतंच. कामाला लावलं असतं.
"जाग आली की लोळायचं नाही. थेट बाहेर.
आणि दारात रेंगाळू नकोस,
तू दारात अडलीस की तेही दारात अडेल."
गेल्या हिवाळ्यात ती स्वतः मात्र तीन आठवडे
दारातच होती, ना इकडे ना तिकडे.
म्हणून मी रोज पाचला सपाता घालून निघते.
पहारेकरी विचारतो, कुठे?
"बाहेर," मी सांगते. एवढंच उत्तर आहे माझ्याकडे.
खाडीतला बर्फ निळा पडलाय, कडेने सुटायला लागलाय.

कळा लाटांसारख्या येतात, असं वर्गात शिकवलं होतं.
ज्याने शिकवलं तो बर्फावर कधी उभा राहिला नसावा.
आधी लांबून आवाज येतो,
मग तडा धावत येतो, सरळ तुझ्याच पायाखाली,
आणि पळायला जागा नसते.
मी नर्सच्या हाताला चावले.
मी पॉलूसीला शिव्या दिल्या, विमानाला दिल्या,
मेलेल्या आईला दिल्या: कुठे आहेस तू?

पहाटे तीनला, लख्ख उजेडात, मुलगा.

"नाव?" नर्सने विचारलं.
"निवियाक."
ती लिहिता लिहिता थांबली. "हे मुलीचं ना?"
"माझ्या आईचं."
आमच्या नावांना बाई-पुरुष नसतं. ज्याचं नाव, तो परत येतो.
डावी पापणी जराशी खाली, तश्शीच.
मी हळूच हाक मारली, "आनाना." आई.
त्याने जांभई दिली.
एकोणीस वर्षांची मी, आणि आईला दूध पाजतेय,
आणि ती ओरबाडतेय, घाईघाईने,
जणू केव्हाची उपाशी होती तिकडे.

चौथ्या दिवशी निघाले. अफायाने शिवलेलं टोपरं त्याच्या डोक्यावर.
काचेचं दार आपोआप सरकलं.
मियाली सोडायला आली होती,
एक पाय आत, एक बाहेर, दोन्ही हात पोटाखाली.
त्याच्याकडे बघत राहिली, मग विमानाकडे, मग कुठेच नाही.
"अगं," मी म्हणाले, आणि आवाज
माझा नव्हता, जुना होता, जरा खरखरीत,
"बाहेर तरी ये, नाहीतर आत तरी जा.
दारात नको."